दुसरी सही मुहूर्ताआधी की नंतर?

डिचोलीकर: चुलत बहिणीचं लग्न मार्गशीर्षात, इथेच गोव्यात. रहिवासी दाखला, जन्मदाखले, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं घेऊन सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, म्हणजे लग्न करायचं आहे असं जाहीर करणारी, झाली. दहा दिवसांची नोटीसही सरली, हरकत कुणाचीच नाही. आता मुलाकडचे म्हणतात, दुसरी सही उरकून टाकू, मग हॉल-केटरर बघायला मोकळे. मी म्हणतो, थांबा. गोव्यात कायद्याने लग्न लागतं ते दुसऱ्या सहीने, सप्तपदीने नाही. त्यानंतर बिनसलं तर 'सोयरीक मोडली' म्हणून सुटका नाही. घटस्फोट घ्या, नाहीतर लग्न रद्द करायला कोर्टात जा. अंगावर एक अक्षता पडलेली नाही आणि पोर घटस्फोटित! सही मुहूर्ताच्या दोन दिवस आधी करावी.

फोंड्याची सून: दोन दिवस आधी म्हणे! आमच्यावेळी साक्षीदार मामा नेमका त्याच दिवशी तापाने आडवा, आणि सर्व्हर बंद ते वेगळंच. माझा नवरा बोटीवर असतो. सुट्टी मोजकी, व्हिसाला दाखला हवा, म्हणून आम्ही तीन महिने आधीच सह्या केल्या. काही बिघडलं नाही. ज्यांचं मोडायचं ते मंडपानंतरही मोडतं.

डिचोलीकर: तुमचं बिघडलं नाही हो, पण आमच्या वाड्यावरच्या एका घरात हेच झालं. साड्या परत गेल्या, दागिने परत गेले, सही काही परत येत नाही. कोर्टाच्या तारखा अजून चालल्या आहेत.

रोज नोटरीकडे: तुम्ही तारखेवरून भांडताय, लग्नाआधीचा मालमत्तेचा करार राहिलाच. पोर्तुगीज नागरी संहिता 1867 ची, लग्नापुरती आपल्याकडे अजून लागू. वेगळा करार नसेल तर कोमुन्यांव: लग्नाआधीचं, वडिलोपार्जित मिळालेलं, नंतरचं, सगळ्यात दोघांचा अर्धा अर्धा वाटा. स्वतःच्या नावावरची जमीन विकायलाही दुसऱ्याची सही लागते. हे नको असेल तर नोंदणीकृत करार दुसऱ्या सहीच्या आधी. नंतर पस्तावून उपयोग नाही, बदलता येत नाही.

फोंड्याची सून: करार कशाला? लग्नाआधीच वाटणी मांडून बसायचं? मावशीला सासरचे हाकलत होते, तेव्हा हा अर्धा वाटाच कामी आला. मुलीकडच्यांनी या कराराच्या नादाला लागूच नये.

रोज नोटरीकडे: आणि नवऱ्याच्या धंद्यावर कर्ज असेल तर? घर बघून सांगा, सरसकट नको.

कुडाळकर: आमच्याकडे महाराष्ट्रात उलटं. आधी वरात, मग सवडीने नोंदणी. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली मात्र 30 दिवसांची नोटीस. तुमचे दहाच दिवस, नशीबवान आहात.

डिचोलीकर: शेजारच्या कॅथलिक घरात ही भानगडच नाही. सिव्हिल रजिस्ट्रारकडून नोटिशीनंतर ना-हरकत दाखला, मग चर्चमध्ये लग्न, आणि तिथली नोंद सरकारदरबारी जाते. 1946 च्या हुकूमनाम्यापासून असंच. विधी आणि कायदा एकाच दिवशी. मंडपात आलेला भटजी तेवढा बिनसरकारी का?

फोंड्याची सून: भटजींच्या हाती रजिस्टर? आमचे तर मुहूर्तालाच तासभर उशिरा आले होते.

डिचोलीकर: बरं. बहिणीला विचारलं, तर ती म्हणते मला सांगता का कुणी आधी, करार म्हणजे काय ते. दुसरी सही सोमवारी आहे. तिला आज संध्याकाळी वकिलाकडे नेतोय.