उच्च शिक्षणातला बदल शिकवायचा, तर सुरुवात कुठून करायची?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

एम.ए. शिक्षणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला 'उच्च शिक्षणातील संस्थात्मक बदल' हा ऐच्छिक पेपर पुढच्या सत्रात माझ्याकडे आहे. चालत आलेला क्रम असा: निम्मं सत्र सिद्धांत, म्हणजे लेविन आणि कॉटर या अभ्यासकांनी सांगितलेल्या बदलाच्या पायऱ्या (लेविनच्या तीन, कॉटरच्या आठ), विरोध का होतो, नेतृत्व कसं असावं. मग वेळ उरलाच तर 'भारतीय संदर्भ'. मला हा क्रम उलटा करायचा आहे. पहिल्या तासापासून आपल्याच विद्यापीठांतली प्रकरणं घ्यायची, कागदपत्रांसह. सिद्धांत मागाहून, लागेल तसा.

कारण सांगते. लेविनने १९४७ मध्ये मांडलं की गोठलेलं आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. यात, आणि बाकी सगळ्या सिद्धांतांतही, गृहीत असं आहे की हे करणारा हात एकच आहे. आपल्याकडे तो कुणाचा? कॉलेज चालवते शिक्षणसंस्था. अनुदानित जागांचा पगार देतं सरकार. अभ्यासक्रम ठरवतं विद्यापीठाचं अभ्यास मंडळ आणि पदवी देतं विद्यापीठ. प्राचार्यांना अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही, कुलगुरूंना संलग्न कॉलेजातल्या प्राध्यापकाची बदली करता येत नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणून उभं राहिलं. त्या रचनेचा सांगाडा संलग्न कॉलेजांच्या रूपात आजही टिकून आहे.

माझं पहिलं प्रकरण २०१७ चं मुंबई विद्यापीठ. उन्हाळी परीक्षेच्या सगळ्या उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या ठरल्या, सुमारे १७ लाख. कायद्याने ४५ दिवसांत लागायला हवेत ते निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. दोष कुणाचा, हा माझा प्रश्न नाही. निर्णय कोणत्या मंडळात झाला, प्रशिक्षण कधी झालं, स्कॅनिंग आणि तपासणी यांत किती अंतर पडलं, हे मुलांनी तारखेनिशी मांडायचं.

दुसरं प्रकरण दिल्ली विद्यापीठ. २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आली आणि जून २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशाने गेली, पहिल्या तुकडीचं एक वर्ष झालेलं असताना. २०२२ मध्ये तिथेच चार वर्षांची पदवी पुन्हा आली आणि टिकली. तेच विद्यापीठ, जवळपास तोच बदल, निकाल मात्र वेगळा. असं का झालं?

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर आधी सांगा.

कृष्णाकाठ

मॅडम, ठाम असहमत.

संकल्पनेशिवाय प्रकरण वर्गात आणलं की अर्ध्या तासात त्याची बातमी होते. 'कुलगुरूंनी घाई केली', 'कंपनी नवखी होती', 'प्राध्यापकांना संगणक येत नव्हता'. हे सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलं आहे. पदव्युत्तर वर्गाने त्यापुढे काय बघायचं?

कोहेन, मार्च आणि ओल्सन या संघटनांच्या अभ्यासकांनी १९७२ मध्ये एका लेखात विद्यापीठांबद्दल मांडलं की तिथे उपाय आधीच तयार असतात आणि ते स्वतःला चिकटवायला समस्या शोधत फिरतात. हे वाचलेला विद्यार्थी २०१७ बद्दल पहिला प्रश्न विचारेल: पडद्यावरची तपासणी नेमक्या कोणत्या समस्येचा उपाय होती? पारदर्शकता? वेग? पेपरफुटी? की यंत्रणा उपलब्ध होती म्हणून? हा प्रश्न नुसतं परिपत्रक वाचून सुचत नाही.

आणि 'सगळे सिद्धांत एक हात गृहीत धरतात' हे तर चूकच आहे. लेविन आणि कॉटर विद्यापीठं डोळ्यांपुढे ठेवून लिहीत नव्हते, मान्य. पण संघटनांचा अभ्यासक वाइक १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांबद्दलच लिहीत होता. त्याचं म्हणणं असं की यांचे भाग एकमेकांना सैल जोडलेले असतात. एकीकडे ओढलं तर दुसरीकडे हलेलच असं नाही. तुम्ही संस्था, सरकार, विद्यापीठ असं जे वर्णन केलंत, ते वाइकचंच आहे. तुम्हाला ते दिसलं, कारण तुम्ही तो वाचला आहे. विद्यार्थ्यांना ती संधी उशिरा का द्यायची?

पाटीपेन्सिल

सर, 'सगळे' हा शब्द मागे घेते. पण वाइकपाशी थांबते, कारण तिथेच माझा मुद्दा आहे.

आपल्याकडे शिकवणं सैल जोडलेलं आहे, परीक्षा मात्र घट्ट. भुसावळच्या वर्गात एखादं प्रकरण कसं शिकवलं जातं हे विद्यापीठाला कळत नाही आणि कळण्याचा मार्गही नाही. पण प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलला की त्याच वर्षी खान्देशातल्या सगळ्या कॉलेजांत नोट्स बदलतात, मार्गदर्शकं बदलतात, क्लासवाले बदलतात. म्हणून आपल्या विद्यापीठांत ज्याला सुधारणा करायची तो परीक्षेपासून सुरुवात करतो. सत्र पद्धत, अंतर्गत गुण, श्रेणी, श्रेयांक, सगळं त्याच दाराने आलं. आणि म्हणूनच परीक्षेत बिघाड झाला की संपूर्ण विद्यापीठ ठप्प होतं. २०१७ मध्ये शिकवण्यातला कुठलाही बदल फसून एवढा गोंधळ झाला नसता.

हे मुलांना प्रकरणातूनच सापडेल. आधी वाइक शिकवला, तर उत्तरपत्रिकेत 'विद्यापीठे या सैल जोडलेल्या संघटना आहेत' असं वाक्य येईल, पाच गुण मिळतील आणि ते अर्धंच खरं आहे हे कुणी तपासणार नाही.

कॅपमधला

मी शिकवत नाही. परीक्षा विभागात आयुष्य गेलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही.

मॅडम कागदपत्रांवर फार विसंबतात, त्याला माझा आक्षेप आहे. इतिवृत्तात एकच वाक्य असतं: 'चर्चेअंती एकमताने मंजूर.' कोण काय म्हणालं, कुणी ताकीद दिली, कोण गप्प बसलं, यातलं काही नाही. आमच्याकडे गुण भरायची नवी प्रणाली आली तेव्हा निकाल दोन ठिकाणी तयार व्हायचा, एकदा संगणकात आणि एकदा जुन्या रजिस्टरात. संगणकात विषय बदललेला विद्यार्थी गैरहजर दिसायचा. रजिस्टरात तो असायचा, कारण विभागातल्या लिपिक बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेला. वरच्या अहवालात मात्र 'प्रणाली यशस्वीरीत्या कार्यान्वित'. ती रजिस्टरं पुढे रद्दीत गेली.

बदल टिकला तो या बायकांमुळे. त्यांची नावं तुमच्या लेविनमध्ये नाहीत आणि तुमच्या परिपत्रकातही नाहीत. शिकवायचंच असेल तर निवृत्त अधीक्षक, कॅप सेंटरवर (उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर) काम केलेले कारकून, शिपाई यांना वर्गात बोलवा. मानधन द्या.

तासिका_तत्त्व

धाग्यात सगळे बदल करणाऱ्याच्या खुर्चीवरून बोलत आहेत, म्हणून लिहिते.

तुमच्या वर्गात नोकरी करत शिकणारे किती असतील? त्यातले बरेचसे माझ्यासारखे, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर. दर वर्षी नव्याने मुलाखत, दर वर्षी नव्याने मान्यता. 'तुमच्या कॉलेजातल्या बदलाचं प्रकरण लिहा' असा स्वाध्याय द्याल, तर आम्ही दोनच गोष्टी करू शकतो, खोटं लिहू किंवा नोकरी पणाला लावू. प्राचार्यांच्या हातात तो कागद पडला तर पुढच्या जूनमध्ये मला कोण विचारणार? विदेशातल्या उदाहरणांवर बोलताना निदान तोंड उघडता तरी येतं. त्यामुळे क्रम उलटा करायला माझा स्पष्ट विरोध आहे.

दुसरं, 'बदलाला विरोध' नावाचा घटक तुम्ही कुठेही ठेवा, आधी त्याचं नाव बदला. नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडे २०२३-२४ मध्ये स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठ विभागांत आलं, २०२४-२५ मध्ये संलग्न कॉलेजांत. विषयांची मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक) अशी विभागणी झाली आणि आम्ही विचारलं की भाषेच्या विभागाचा कार्यभार किती उरेल. हा हिशेबाचा प्रश्न होता. तास कमी झाले की सगळ्यात आधी तासिकावाल्याचे तास जातात. त्याची नोंद 'शिक्षकांचा विरोध' अशी झाली. पुस्तकात मग त्यावर उपाय असतो: संवाद वाढवा, भीती घालवा. आमची भीती नव्हती, आमचं गणित बरोबर होतं.

गोदातीर

एवढी चर्चा झाली आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल कुणाच्या यादीत नाही, याचं वाईट वाटलं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली. अंमलबजावणी थांबली. लाँग मार्च निघाला, लोक तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन कार्यक्षेत्र विभागलं गेलं. सोळा वर्षांच्या लढ्याचा शेवट नाव आणि नकाशा असा दोन्हीकडे दिसतो. या दोन गोष्टींचा संबंध मुलांना तपासायला द्या.

लेविनवाले आणि परिपत्रकवाले, दोघांनाही विचारतो: तुमच्या मांडणीत जात कुठे बसते? विद्यापीठ कुणाचं, हा प्रश्न वगळून विद्यापीठातला बदल शिकवता येतो असं मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

गोदातीर, मान्य. पण हा सामाजिक चळवळीचा इतिहास आहे. तो संस्थात्मक बदलाच्या पेपरात घातला, तर पेपराची हद्द राहणार नाही. सगळंच बदल ठरेल.

गोदातीर

विधिमंडळाचा ठराव, कायद्यातली दुरुस्ती, कार्यक्षेत्राची विभागणी. हे संस्थात्मक नाही, तर मग काय आहे?

विदर्भ_ते_विस्कॉन्सिन

इथे अमेरिकेत उच्च शिक्षण हाच विषय घेऊन एम.ए., पीएच.डी. करता येते. वर्गात बसणारे बहुतेक प्रवेश विभागात, वसतिगृह कार्यालयात, विद्यार्थी सहाय्य विभागात नोकरीला असतात. सोमवारी वाचलेलं मंगळवारी कामावर वापरून बघतात. त्यांना सिद्धांत आधी दिला तरी चालतो, कारण प्रकरण त्यांच्या अंगावरच असतं. पाटीपेन्सिल यांच्या वर्गातले किती जण पुढे कुलसचिव कार्यालयात जाणार आहेत? नेटची (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची) तयारी करणारा वर्ग असेल तर क्रम कुठलाही ठेवा, ते बहुपर्यायी प्रश्नच शोधतील. आधी वर्ग कुणाचा हे ठरवा.

आणि विदेशातली उदाहरणं सुरक्षित वाटतात म्हणून गुळगुळीत घेऊ नका. आमच्या विस्कॉन्सिन राज्यात प्राध्यापकांच्या नोकरीची हमी राज्याच्या कायद्यात होती. २०१५ च्या अर्थसंकल्पी विधेयकाने ती कायद्यातून काढली. हा निर्णय विधिमंडळाचा होता, प्राध्यापकांचा नव्हे. 'बाहेरून लादलेला बदल' शिकवायला हे प्रकरण तासिका_तत्त्व यांच्या वर्गातही उघड बोलता येईल.

पाटीपेन्सिल

बरंच बदललं, ते लिहिते.

स्वतःच्या कॉलेजवरचा स्वाध्याय काढते. तासिका_तत्त्व, तुमचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता आणि तो निर्णायक आहे. त्याऐवजी सार्वजनिक नोंदीत असलेलं, किमान पाच वर्षं जुनं प्रकरण. विस्कॉन्सिन घेते. 'बदलाला विरोध' हा घटक 'बदलाची किंमत कोण मोजतं' या नावाने घेईन, आणि पहिल्याच तासाला त्यातला कार्यभाराचा तक्ता प्रत्यक्ष करून घेईन.

नामांतर पहिलं प्रकरण. २०१७ त्यानंतर. कृष्णाकाठ सर, हद्द मोडेल हे मला पटत नाही. पण तुमचा 'कोणत्या समस्येचा उपाय' हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात हवा हे पटलं, म्हणून १९७२ चा लेख २०१७ च्या कागदांसोबतच वाचायला देते. लेविन मात्र शेवटीच.

कॅपमधला, तुम्ही याल का? मानधनाची तरतूद अतिथी व्याख्यानाच्या शीर्षाखाली बसते, पण तिथे पात्रता म्हणून पदव्युत्तर पदवी मागतात. ती अट निवृत्त अधीक्षकांसाठी शिथिल करायला विभागाच्या बैठकीत ठराव मांडते.

कॅपमधला

येतो. एकट्याला नको, त्या बाईंनाही बोलवा. ठरावात त्यांचं पद 'वरिष्ठ लिपिक' असं स्पष्ट लिहा, नाहीतर लेखा विभाग बिल परत पाठवेल.