कुंड्यांना जवळजवळ फुकटात खत कसं घालायचं? नेमकी मापं हवी आहेत

पायरीवरची_वेल
बाल्कनीत १० इंची ८ कुंड्या आहेत: ३ टोमॅटो, २ मिरची, बाकी पालक, पुदिना, कोथिंबीर. ऊन ४-५ तास. माती सहा महिन्यांपूर्वी भरलेली, आता तीन बोटं खाली बसली आहे. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडून गळतात, वरची हिरवी आहेत पण लहान. दर आठवड्याला केळीच्या सालींचं पाणी देणं आणि चहाचा चोथा वर पसरणं चालू आहे, फरक शून्य. खर्चाला वाव जवळपास नाही. एकच गोष्ट विकत घेता येईल, तीही छोटी. वजनकाटा नाही. काय करावं?

मूठभर_माती
खालची पानं आधी पिवळी आणि वरची हिरवी, हे नत्र (नायट्रोजन) कमी पडल्याचं लक्षण. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. मात्र आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत सतत चिखल असेल तर मुळं गुदमरूनही पानं अशीच पिवळी पडतात. तसं असेल तर खत घालू नका, तळाची भोकं मोकळी करा.

माती ठीक असेल तर ती एकच वस्तू म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खताची १०० ग्रॅमची पुडी. १९:१९:१९ किंवा २०:२०:२०, जे मिळेल ते. हे आकडे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांच्या टक्क्यांचे. काटा लागणार नाही: अख्खी पुडी २ लिटर पाण्याच्या बाटलीत विरघळवा. आता २० मिली द्रावणात १ ग्रॅम खत आहे. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने २० मिली घ्या, १ लिटर पाण्यात मिसळा. प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर, आठवड्यातून एकदा. ८ कुंड्यांना ४ लिटर, म्हणजे आठवड्याला ४ ग्रॅम. पुडी २५ आठवडे पुरते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'खत' लिहा, अंधारात आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

कोरड्या मातीत हे पाणी ओतू नका. आधी साधं पाणी, अर्ध्या तासाने खताचं. कोरड्या मुळांना क्षार भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. ताटलीत निथळलेलं पाणी फेकू नका, लगेच त्याच कुंडीत परत घाला. त्यात तुमचंच खत आहे.

युरिया स्वस्त मिळाला तरी जपून. त्यात ४६ टक्के नत्र असतं. लिटरला अर्धा ग्रॅम पुरे, एक चमचा म्हणजे कुंडीचा निकाल. शिवाय त्याने नुसती पानं वाढतात, टोमॅटो फुलायचं विसरतो.

सालपट
वर म्हटलंय ते बरोबर. आता ती सालींची भानगड.

साली पाण्यात भिजवल्या की थोडा पालाश उतरतो, नत्र जवळजवळ नाहीच. तुमच्या झाडाला हवंय नत्र, म्हणून फरक शून्य. वर ते पाणी दोन दिवसांत आंबतं. चोथा ओलाच पसरला की वाळून त्याची पापडी होते, पाणी वरून घसरून जातं आणि खाली बारीक काळ्या माश्या अंडी घालतात. दूध-साखर असेल तर मुंग्याही आल्याच. अंड्याची टरफलं तुकड्यांनी टाकली तर वर्षभर तशीच दिसतील. पिठासारखी दळली तरच हळूहळू विरतात. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की लोक टरफलं घालत सुटतात. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पाणी कधी कमी कधी जास्त झाल्याने ते फळापर्यंत पोहोचत नाही. तिथे पाण्याची वेळ सांभाळणं हाच उपाय.

हे सगळं वाया घालवायचं नाही, कुजवून घालायचं. १५-२० लिटरची जुनी बादली घ्या. बाजूला बोटभर अंतरावर पेन्सिलीएवढ्या भोकांच्या तीन रांगा, तळाला पाच-सहा भोकं. दोन विटांवर ठेवा, खाली ताट. तळाशी चार बोटं वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा (चकचकीत छपाईचा नको). मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून एक मूठ, त्यावर सुका पाला दोन मुठी. कुंडीतली जुनी माती एक मूठ विरजण म्हणून पहिल्याच दिवशी. दर तीन-चार दिवसांनी खालवर करा.

ओल तपासायला मूठभर घेऊन पिळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर ठीक. धार लागली तर पुठ्ठा वाढवा, काहीच दिसलं नाही तर पाणी शिंपडा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे हिरवं जास्त, सुकं कमी. वास नाही आणि ढीगही बसत नाही, म्हणजे कोरडं पडलंय. शिजलेलं, तेलकट, मांस-मासे नकोत.

बादली भरली की नवीन भरणं थांबवा, दुसरी सुरू करा. अडीच ते चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं होतं. घाई करू नका. अर्धवट कुजलेलं घातलं तर ते कुजवणारे जीवाणू कुंडीतलंच नत्र ओढून घेतात आणि तुमची पानं आणखी पिवळी. खात्रीसाठी ओलं कंपोस्ट पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला तर अजून वेळ आहे.

एवढी लहान बादली फारशी तापत नाही, त्यामुळे रोगट पानं त्यात टाकू नका. टोमॅटोच्या बियाही मरत नाहीत, कुंडीत उगवतील. उपटून टाका.

मूठभर_माती
+१. तयार झालं की कुंडीत दर महिन्याला दोन मुठी, खोडापासून चार बोटं लांब, वरची माती हलकी उकरून. नवीन कुंडी भरताना तीन भाग माती, एक भाग कंपोस्ट. त्याहून जास्त घालून कुंडी खोल बसते, फायदा वाढत नाही.

राखुंडी
एक पैसाही घालायचा नसेल तर लघवी. नाकं मुरडा, पण नत्र भरपूर असतं. १:१० प्रमाण (एक भाग लघवी, दहा भाग पाणी) जमिनीसाठी ठीक, कुंडीत १:२० ठेवा, क्षार साचतात. ताजीच वापरा, थेट मातीत, पानांवर नाही, आणि लगेच साधं पाणी. औषधं चालू असतील तर नको. कच्चं खायच्या पालेभाज्यांना तर मुळीच नको, टोमॅटोलाही तोडणीआधी महिनाभर बंद. खालच्या बाल्कनीत निथळत असेल तर हा प्रयोग विसरा.

राख हवी तर फक्त साध्या लाकडाची, रंग दिलेल्या किंवा कोळशाची नाही. कुंडीला एक सपाट चमचा, दोन महिन्यांतून एकदा. युरिया किंवा लघवीबरोबर नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. राख जास्त झाली की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात.

पायरीवरची_वेल
धन्यवाद! बोट घालून पाहिलं, दोन पेरांवर ओलसर आहे, चिखल नाही. मातीवर मात्र पांढरी पापडी आहे. ती खताची का? आणि कोथिंबिरीला तेवढंच द्यायचं का?

मूठभर_माती
पापडी क्षारांची आहे, पाण्यातलेही असतात. वरची अर्धा इंच माती खरवडून टाका. मग कुंडी मोरीत नेऊन कुंडीच्या मापाच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू सोडा. १० इंचीत साधारण ८ लिटर माती मावते, म्हणजे २४ लिटर. या वेळचं निथळलेलं पाणी मात्र परत घालू नका. दोन दिवस थांबा, मग अर्ध्या ताकदीचं खत: २० ऐवजी १० मिली.

कोथिंबिरीला कायमच अर्धी ताकद, तीही पंधरा दिवसांतून एकदा. पालक आणि पुदिना पूर्ण ताकदीने पितात. टोमॅटोची आधीच पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती तोडा. नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतंय का, ते दोन-तीन आठवड्यांनी बघा.