पालकांच्या ग्रुपवर माझ्याबद्दल खोटं फिरतंय, नोटीस पाठवू का?

मी बालरोगतज्ज्ञ, मुलुंड पूर्वेला छोटा दवाखाना आहे. परिसरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने लिहिलंय की मी लॅबकडून कट घेते आणि 'चुकीचं इंजेक्शन' दिल्यामुळे तिच्या मुलाला ॲडमिट करावं लागलं. तोच मजकूर आता गूगलवर रिव्ह्यू म्हणून आलाय.

ते इंजेक्शन माझ्याकडे दिलेलंच नाही. केसपेपर समोर आहे, पण तो ग्रुपवर टाकणार कसा? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंटची माहिती मला बाहेर फोडता येत नाही. तिने वाटेल ते लिहायचं, मी मात्र फार तर 'दवाखान्यात येऊन बोला' म्हणायचं!

'दोन-दोन तास बसवतात' असंही कुणी लिहिलंय. ते राहू दे. पावसाळ्यात तेवढा वेळ लागतो, आणि पैसे मोजणारा माणूस बोलणारच.

नोटीस पाठवली तर प्रकरण चिघळेल का? ॲडमिन आमच्याच सोसायटीतले काका आहेत, त्यांना जबाबदार धरता येतं का? कृपया 'दुर्लक्ष करा' सांगू नका, नव्या पालकांचे फोन कमी झालेत.

काळाकोट: डॉक्टर, पोलीस ठाण्यात हेलपाटे घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालची बदनामी अदखलपात्र आहे, तक्रार थेट मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष. काकांना सोडा. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. गूगलकडे तक्रार जरूर करा, पण सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालापासून (२०१५) कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश नसेल तर मजकूर काढायला ते बांधील नाहीत. स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे आजच काढा आणि मूळ चॅट पुसू नका.

एक विचारतो. मुलाला जिथे ॲडमिट केलं तिथल्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय? तिथल्याच कुणी इंजेक्शनचं तिच्या डोक्यात भरवलं असेल, तर 'सद्भावनेने लिहिलं' हा बचाव ती घेईल. कट घेतल्याचा आरोप वेगळा, त्याला तिला पुरावा द्यावा लागेल.

धागाकर्ती: कार्ड मी पाहिलेलं नाही. नोटिशीआधी तिला एकदा फोन करू का? की तोही रेकॉर्ड होऊन ग्रुपवर येईल?