शाळेतल्या पोरांकडून आजीच्या ओव्या-गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत, आयर्लंड-स्कॉटलंडवाल्यांनी हे काम कसं केलं?

बाई_दिग्रस

नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यावर जि.प. शाळेत आहे, सहावी-सातवीचा वर्ग. मागं वाचण्यात आलं की आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळेतल्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, औषधं, भुताखेताच्या कथा, गावातल्या जागांची नावं असं सगळं लिहून काढलं आणि ते आजही जपून ठेवलेलं आहे. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. आमच्या गावात भुलाबाईची गाणी पूर्ण येणाऱ्या बाया आता थोड्याच राहिल्या, जात्यावरच्या ओव्या तर सत्तरीच्या वरच्याच म्हणतात, आणि पोरींना विचारलं की त्या मोबाईलवरचं गाणं म्हणून दाखवतात. त्यांचा दोष नाही त्यात, त्यांना कोणी ऐकवलंच नाही.

मला असं काम शाळेत सुरू करायचं आहे. पण ओळखीच्या एका प्राध्यापकांना बोलले तर ते म्हणाले, पोरांनी लिहिलेलं काही संशोधन होत नसते, वेळ वाया जाईल. तिकडच्या अभ्यासकांनी त्या पोरांच्या वह्यांचं पुढं खरंच काही केलं का? आणि लिहायचं कसं, पुस्तकी मराठीत की म्हातारी जशी बोलते तसं? स्कॉटलंडमध्येही असं काम झालं म्हणतात, कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. मी खरंच करणार आहे, नुसतं विचारून राहिले असं नाही.

आर्वीचा_वाचक

बाई, तुमच्या प्राध्यापकांना सांगा की त्या पोरांच्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात राष्ट्रीय लोककथा संग्रहात आहेत आणि २०१७ मध्ये तिथल्या आयरिश फोकलोर कमिशनच्या, म्हणजे लोकवाङ्मय गोळा करणाऱ्या सरकारी मंडळाच्या संग्रहाची युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद झाली. एवढं तरी पुरे व्हावं.

सुरुवातीपासून सांगतो. १९३५ मध्ये तिकडे हे कमिशन निघालं, प्रमुख होते जेम्स डिलार्गी. देश नवानवा मोकळा झालेला, पैसा कमी, आणि आयरिश बोलणारी म्हातारी माणसं पश्चिमेकडच्या गरीब किनाऱ्यावर भराभर चाललेली. त्यांनी पगारी माणसं नेमली, ही माणसं सायकलवर गावोगाव फिरायची, सोबत एडिफोन नावाचं जड यंत्र, त्यात मेणाच्या नळकांड्यावर आवाज धरायचा. मग रात्री बसून शब्द न् शब्द वहीत उतरवायचा आणि ते नळकांडं तासून परत वापरायचं, कारण नवीन घ्यायला पैसे नव्हते. म्हणजे किती आवाज असे तासल्या गेले विचार करा! अक्षर राहिलं, आवाज गेला. आज तुमच्या खिशातल्या फोनात जे होते ते त्यांना स्वप्नातही नव्हतं.

आता पोरांचं. पगारी माणसं मोजकीच, गावं हजारो, म्हणून शाळांची मदत घेतली. ५,००० च्या आसपास शाळा, ५०,००० च्या वर पोरं, वय साधारण ११ ते १४. शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली, तिच्यात ५५ विषय होते आणि प्रत्येक विषयाखाली काय विचारायचं ते प्रश्न. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही की पोरांवर जास्तीचं ओझं टाकलंच नाही, निबंधाच्या तासाच्या जागी हे लिखाण ठेवलं. पोरगं आजोबाला, शेजारच्या म्हातारीला विचारायचं, आपल्या वहीत लिहायचं, मग त्यातलं चांगलं ते मोठ्या वहीत उतरवून काढायचं. सगळं मिळून ७ लाख ४० हजारांच्या आसपास पानं झाली. बरंचसं इंग्रजीत आहे, काही आयरिशमध्ये. आता दूखस नावाच्या वेबसाईटवर त्या मोठ्या वह्या फुकट पाहता येतात, आपल्या आजीचं नाव शोधत लोक तिथं येतात आणि घरबसल्या पानं टाईप करून देतात.

अभ्यासकांनी काय केलं विचारता, तर दुष्काळाचा इतिहास लिहिणारे, बोलीचा अभ्यास करणारे, गावांच्या नावांवर काम करणारे सगळे तिथं जातात. पोरगं चुकते कुठं कुठं, मान्य आहे. पण कोणत्या गावात कोणती गोष्ट सांगत होते, कोण सांगत होतं, हे त्या पोराइतकं कोणाला माहीत असणार? म्हणून प्रत्येक पानावर सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय लिहायला लावाच.

पुसदकर

आर्वीच्या भाऊंचं पटलं पण एक धोका सांगतो आणि तो पोरांपेक्षा मास्तरांकडून जास्त आहे, मी स्वतः शिक्षक होतो म्हणून बोलतो. आपल्याला दुरुस्त करायची सवय. पोरगं "मायनं मले सांगतलं" असं लिहून आणते आणि आपण लाल पेन काढतो.

स्कॉटलंडात ह्याच गोष्टीवरून केवढं मोठं भांडण झालं होतं. जेम्स मॅकफर्सननं १७६० पासून ऑसियन नावाच्या प्राचीन कवीच्या कविता म्हणून गेलिकवरून, म्हणजे तिथल्या हायलँड्स या डोंगराळ भागातल्या जुन्या बोलीवरून, इंग्रजीत पुस्तकं काढली, सारा युरोप वेडा झाला. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन म्हणाला हे बनावट आहे, मूळ हस्तलिखित दाखव. पुढं हायलँड सोसायटीनं समिती नेमली, तिचा अहवाल १८०५ मध्ये आला, आणि निघालं काय तर मूळ गाणी लोकांत होती, खरी होती, पण यानं त्यात आपल्या मनानं भर टाकली, जोडलं, गुळगुळीत केलं. त्याच्या हौसेपायी खऱ्या गाणाऱ्या लोकांवर अनेक वर्षं खोटेपणाचा शिक्का बसला, मला हे फार लागते.

नंतर १८६० ते १८६२ मध्ये जे. एफ. कॅम्पबेलनं पश्चिम हायलँड्समधल्या गोष्टींचे चार खंड काढले, तेव्हा त्यानं गोष्ट कोणी सांगितली, कुठं सांगितली हे दिलं आणि गेलिक मजकूरही सोबत ठेवला. विश्वास तिथून परत बसला. म्हणून बाई, पोरांच्या मूळ वह्या फेकू नका, रद्दीत देऊ नका. आयर्लंडमध्येही पोरांच्या मूळ वह्या बऱ्याच प्रमाणात जपल्या म्हणून तर आज दोन्ही ताडून पाहता येते, उतरवताना काय बदललं ते.

वर्ध्याची_लेक

स्कॉटलंडचं मी सांगते, माझा जीव त्या गाण्यांवर आहे. तिकडे हेब्रिडीज बेटांवर बाया मेंढीच्या लोकरीचं कापड विणायच्या, ते घट्ट व्हावं म्हणून साठवून ठेवलेल्या मुतात भिजवायचं आणि लांब फळीभोवती बसून सगळ्यांनी मिळून आपटायचं, सूर्य फिरतो त्या दिशेनं कापड पुढं सरकवत. तासन् तास चालायचं ते, आणि गाण्याशिवाय होतच नव्हतं. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या धृपद धरणार, धृपदात बहुतेक नुसते अर्थ नसलेले आवाज. एका बैठकीत एकच गाणं दोनदा म्हणू नये असा नेम होता, म्हणून बायांपाशी गाणी भरपूर असायची. आणि गाण्यात काय? बुडालेला भाऊ, सोडून गेलेला, सासर, तीन-तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत मेलेला कोणी. इतिहासाच्या पुस्तकात ज्या बाईचं नाव नाही तिचं रडणं तिथं आहे.

हे वाचताना मला आमच्या आत्याबाईचं जातं आठवलं, कारण काम तेच, ताल तोच, आणि पुरुष जवळ नसतात म्हणून मनातलं बोलायची मोकळीकही तीच. आपल्याकडे हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं काम केलंच आहे, लाखाच्या वर ओव्या आहेत त्यात, पण पुणे जिल्ह्याकडच्या फार. आपल्या भागातलं आपणच करावं लागेल.

मार्गारेट फे शॉ नावाची एक अमेरिकन बाई १९२९ मध्ये त्याच हेब्रिडीजमधल्या साऊथ युइस्ट बेटावर गेली आणि दोघी बहिणींच्या घरी काही वर्षं राहिली, त्यांच्यासोबत गाईगुरं, शेतीची कामं करत गाणी सुरासकट लिहून घेतली. पुस्तक यायला १९५५ उजाडलं. घाई केली नाही तिनं. फळीवर बसलेल्या बायांत बसली म्हणून तिला गाणी मिळाली, खुर्ची टाकून मुलाखत घेतली असती तर कोणी चार ओळींच्या वर म्हटलं नसतं. बाई, तुम्हीपण आजीला शाळेत स्टेजवर बोलावू नका, पोरींना तिच्याकडे पाठवा, आणि शक्य असेल तर हाताला काम असताना. ओवी नुसतं बसून आठवत नाही, हात फिरला की येते.

अजून एक. १९५१ मध्ये एडिनबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज निघालं, त्यांचा पहिला संग्राहक कॅलम मॅक्लीन हा आयर्लंडच्या त्या कमिशनमध्ये काम करून आलेला होता. हे दोन्ही देश असे जोडलेले आहेत, जुनी साहित्याची भाषाही कित्येक शतकं एकच आणि फिन मॅकूल या जुन्या वीराच्या कथा दोन्हीकडं. त्याच स्कूलचा हॅमिश हेंडरसन १९५३ मध्ये अॅबरडीनमध्ये जीनी रॉबर्टसनच्या दारात गेला. ती भटक्या लोकांतली, ज्यांना तिकडं कोणी उभं करत नव्हतं. तिच्यापाशी जुन्या बॅलड्सचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांचा, असा साठा निघाला की विद्वान चाट पडले. तुमच्या गावाबाहेर तांडा असेल, बेडा असेल, तिथल्या पोरांच्या वह्या आधी पहा.

बाई_दिग्रस

सगळ्यांचे मनापासून आभार. तांडा आहे ना, माझ्या वर्गातली बरीच पोरं तिथलीच, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. त्यांच्या आजीचं गोरमाटीतच देवनागरीत लिहायला लावते, खाली मराठीत अर्थ. आजवर ती पोरं भाषेच्या तासाला गप्प राहत होती.

ब्रम्हपुरीवाला

आयर्लंड-स्कॉटलंड आपल्यापासून तेवढे दूर नाहीत, दोन नावं सांगतो. ज्यांच्या नावानं नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या डन्स गावचे, १८४५ मध्ये नागपुरात मिशनरी म्हणून आले. त्यांनी गोंडांची लिंगोची गाथा लिहून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले, आणि त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलनं छापले. धर्मप्रचाराला आलेला माणूस होता, ते ध्यानात ठेवून वाचावं लागते, पण लिहिलं नसतं तर तेवढंही नसतं.

दुसरे ग्रिअर्सन, डब्लिनजवळचे. त्यांनी इंग्रजांच्या काळात केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा, त्यात वऱ्हाडी, नागपुरीचे नमुने आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतो. म्हातारी बोलते तसं कसं लिहावं ही अडचण असेल तर तो उघडून पोरांना दाखवा. शंभर वर्षांपूर्वी आपली बोली छापल्या गेली होती हे पाहून पोरं पुस्तकी मराठीचा हट्ट सोडतील.

कास्तकार_घाटंजी

मी शिकेल माणूस नाही जी, बारावीपर्यंत. पण वाचून राहिलो तवापासून एक इचारायचं हाय. गाणे, गोष्टी ठीक हाय. पण नापिकीचे साल, कर्जाचं, घरातला माणूस गेला त्याचं, हे पोट्ट्यायनं इचारावं का? आमच्याकडं ज्या घरात असं झालं तिथं त्या दिवसाचं कोणी नाव काढत नाही. तिकडं तर एवढा मोठा दुष्काळ पडला होता म्हणतात, तेचं काय केलं त्यायनं?

आर्वीचा_वाचक

दादा, या धाग्यातला सगळ्यात कठीण प्रश्न तुम्ही विचारला.

तिकडचा दुष्काळ १८४५ ते १८५२ चा. बटाट्यावर करपा आला, गरीबाचं सगळं पोट बटाट्यावर, आणि धान्य मात्र देशाबाहेर जातच राहिलं. १० लाखांच्या आसपास लोक मेले, तेवढेच किंवा जास्त देश सोडून गेले. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांच्या वर माणसं होती, १८५१ मध्ये ६५ लाख. शंभर वर्षं झाली तेव्हा, १९४५ मध्ये, त्या फोकलोर कमिशननं प्रश्नावली काढून म्हाताऱ्यांना त्या काळाचं विचारलं. म्हणजे पाहिलेली माणसं नव्हतीच बहुतेक, त्यांची लेकरं-नातवंडं होती. आणि अभ्यासकांच्या ध्यानात आलं की लोक बरेचदा सांगतात, पलीकडच्या गावात फार मेले, आमच्याकडं तेवढं नव्हतं. आपल्या घरातलं मरण, कोणाच्या जमिनीवर कोण बसलं, कोणी शेजाऱ्याला दार उघडलं नाही, हे गिळून टाकलेलं. कॉर्मक ओ ग्राडासारख्या इतिहासकारांनी हे नीट मांडलं आहे की लोकांच्या आठवणीतली ही गप्प जागाही पुराव्यासारखीच वाचावी लागते, पण आकडे आणि कारणं मात्र दप्तरातून, नोंदींतून तपासावी लागतात, नुसत्या आठवणीवर सोडता येत नाहीत.

म्हणून माझं मत असं की पोरांनी हे विचारू नये. आयर्लंडच्या पोरांनी दुष्काळाचं लिहिलं, पण तोवर ९० वर्षं गेली होती. तुमच्याकडची जखम ओली आहे. १८९९-१९०० चा वऱ्हाडातला मोठा दुष्काळ खुशाल विचारू द्या, पणजोबांच्या वेळचं काय ऐकलं म्हणून. अलीकडचं ज्याला सांगायचं असेल त्यानं मोठ्या माणसापाशी सांगावं, नाव लिहायचं की नाही हेही त्यानंच ठरवावं.

बाई_दिग्रस

हे पटलं. पोरांच्या यादीत जुना दुष्काळ ठेवते, अलीकडचं नाही. त्या घरांमध्ये मी स्वतः जाईन, वही न घेता. बाकी भुलाबाईपासून सुरू करते, भादव्यात तशाही पोरी घरोघरी फिरतात. तोवर पन्नासेक प्रश्नांची यादी करते आणि इथंच टाकते, वर्ध्याच्या ताई, जात्याचे प्रश्न तुम्ही तपासून द्या. आणि पुसदकर सर, लाल पेन त्या तासाला वर्गात आणणार नाही.