नशीब म्हणून सोडून देऊ नका

फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ बनवायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. काही जण म्हणतात, यात तोच संघ वर्षानुवर्षं चालवणाऱ्याची कसली कारकीर्द, सगळा नशिबाचा खेळ. मला हे अजिबात पटत नाही. अँडी मुसालिमास यांचंच बघा. ऑगस्ट १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला विल्फ्रेड विंकनबाख यांच्या घरी आठ संघांच्या फँटसी लीगचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडणं, झाला. पहिली निवड मुसालिमास यांची, आणि त्यांनी घेतलं जॉर्ज ब्लांडाला, जिम ब्राउनसारखा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू समोर असताना! ब्लांडा पासही द्यायचा, किकही मारायचा, त्यामुळे हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. पण ब्राउनने त्या मोसमात १,८६३ यार्ड धावून काढले.

त्या लीगमध्ये शेवटच्या क्रमांकाच्या संघमालकाला लाकडी ट्रॉफी मिळे: फुटबॉलचा चेहरा, डोक्यावर 'ढ' मुलाची उंच टोपी. ती घरात दर्शनी भागात ठेवावी लागे. एवढं असूनही माणसं पुढच्या वर्षी परत यायची, यातच सगळं आलं.

मुसालिमास तर तिथेच थांबले नाहीत. १९६९ मध्ये ओकलंडमधल्या आपल्या 'किंग्ज एक्स' बारमध्ये त्यांनी गिऱ्हाइकांसाठी लीग सुरू केली. आठ मालकांचा खेळ गावात पोचला तो तिथून. विजेतेपदं मोजण्याआधी मी हे मोजेन.