विषय: बायॉलॉजीच्या रिपोर्टवरून शून्य, आणि तेही दोघींना

बाजवाडा, वडोदरा. सोमवार रात्री

सगळ्यांना नमस्कार,

मंडळाच्या लिस्टवर मी एरवी गणपतीचे फोटो बघण्यापुरती असते, आज मात्र विचारायचंय. माझी लेक बी ग्रुपमधून, म्हणजे बायॉलॉजी घेऊन, बारावी करून ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत गेली. पहिल्याच सेमिस्टरला इंट्रो बायॉलॉजी घेतलंय. मध्यंतरी त्यांचं कांद्याच्या मुळाच्या टोकाचं प्रॅक्टिकल झालं, स्लाइडवर विभाजनाच्या कुठल्या अवस्थेतल्या किती पेशी ते मोजायचं. हिचा रिपोर्ट झाला. रूममेटची बॅच दोन दिवसांनी होती आणि ती तापाने फणफणलेली, म्हणून हिने आपला रिपोर्ट तिला ‘नुसता बघायला’ पाठवला. आता दोघींना शून्य आणि वर कॉलेजचं पत्र!

जिने उतरवलं तिला शिक्षा, हे समजू शकते. जिने दिलं तिचं काय चुकलं? मी प्रोफेसरबाईंना सविस्तर मेल लिहिली. दोन ओळींचं उत्तर आलं: विद्यार्थिनीविषयी मी आपल्याशी बोलू शकत नाही. अहो, आई आहे मी तिची! हिचे बाबा म्हणतात, सोडून दे तो कोर्स, जानेवारीत परत घे. कुणाला अनुभव आहे का?

कोलंबस, ओहायो. त्याच दिवशी

काकू, मी दांडिया बाजारचा. इथे पीएचडी करतोय आणि पहिल्या वर्षाच्या लॅब घेतो. तुमच्या लेकीचं कॉलेज वेगळं, तेव्हा शेवटी तिच्या सिलॅबसमध्ये जे लिहिलंय तेच धरायचं.

आधी घाईचं. काकांना सांगा, कोर्स सोडायचं नाव इतक्यात नको. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. लॅबसकट बायॉलॉजी बहुतेक ठिकाणी ४ क्रेडिटचं असतं. ते गेलं आणि ती १२च्या खाली आली, तर शून्य मार्क राहिले बाजूला, स्टेटसच धोक्यात. सोडायचंच असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचं, मग बटण दाबायचं.

प्रोफेसरबाईंचा राग धरू नका. इथे फेर्पा नावाचा १९७४चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा आईवडिलांचा हक्क मुलाकडे जातो. तिच्या लेखी संमतीशिवाय बाई तुमच्याशी तिच्या मार्कांबद्दल बोलल्या असत्या, तर अडचणीत त्याच आल्या असत्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे सिलॅबस म्हणजे जवळपास करारनामा. उशिरा दिलं तर किती मार्क कापणार, लॅब चुकली तर काय, कोणासोबत बसून काय करायला चालेल, सगळं पहिल्या दिवशी हातात. मुलं परीक्षेच्या तारखा तेवढ्या बघतात. लॅबला चपला घालून आलेल्याला मी परत पाठवतो, तेव्हा त्याला कळतं की बंद बुटांचा नियम तिसऱ्या पानावर होता. अभ्यासाचा हिशोबही तिथेच असतो: वर्गात एक तास तर बाहेर दोन. बारावीच्या जोरावर आलेल्या आपल्या मुलांना पहिला महिना ते खोटं वाटतं, कारण मायटोसिस, म्हणजे पेशीविभाजन, तोंडपाठ असतो.

रिपोर्टचा नियम साधारण असा: आकडे लॅबमधल्या जोडीदारासोबत घ्या, लिहा मात्र आपापलं. आणि देणारा व घेणारा एकाच वाक्यात असतात, ते वाक्य तिला शोधायला सांगा. माझ्याकडे एकदा मंगळवारच्या मुलाने एकूण २१४ पेशी मोजल्या, त्यांत ॲनाफेज (विभाजनाची एक अवस्था) ७. गुरुवारच्या मुलीच्याही २१४, ॲनाफेज ७. वेगळी स्लाइड, वेगळा मायक्रोस्कोप. असा योग पत्रिकेतसुद्धा जुळत नाही.

तिने स्वतः ऑफिस अवर्सना, म्हणजे बाईंच्या विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेला, जावं. झालं ते सांगावं, मार्क मागू नयेत. पत्रात अपिलाची तारीख असेल, ती चुकवू नये.

बाजवाडा. मंगळवार

व्हिसाचं सांगितलंस ते फार बरं झालं, हे आता गप्प आहेत. वाक्य सापडलं, सहाव्या पानावर. तरी मला पटत नाही रे. आम्ही सगळ्यांनी जर्नलं उतरवूनच बीएस्सी केलं. कोणी चोर म्हणालं नाही.

कारेलीबाग, वडोदरा. मंगळवार दुपार

अगं, फर्स्ट इयरला मी शिकवायचो त्या बॅचला तू होतीस, म्हणून लिहितो.

हायड्राची, त्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याची, आकृती आठवते? नराचे अवयव वर, तोंडाकडे. अंडाशय खाली, बुडाकडे. कोणे एके काळी एका मुलीने ही दोन नावं उलटी लिहिली. तिचं जर्नल धाकट्यांकडे गेलं, त्यांचं पुढच्यांकडे. मी वर्षानुवर्षं उलटा हायड्रा तपासत होतो. पुढे पुढे मला गंमत वाटायला लागली. बरोबर आकृतीवरून काही कळत नाही, ती कोणीही पुस्तकातून काढेल. पण तीच चूक दोघांकडे दिसली की मूळ एक. सजीवांच्या वंशावळी लावतानाही आपण हेच करतो, समान पूर्वजाकडून आलेला बदल शोधतो. मी वर्गात उत्क्रांती शिकवत होतो आणि टेबलावर तिचा पुरावा जर्नलांच्या रूपात पडलेला असायचा.

तुझा हायड्रा उलटा होता. मी सही केली. मार्क सुबक पेन्सिलीचे होते, बघितल्याचे नव्हते. तुम्ही चोर नव्हता, पण मायक्रोस्कोपमध्ये डोळाही घातला नव्हता, आणि ते आम्ही चालवून घेतलं. तुझ्या लेकीने २०० पेशी खरोखर मोजल्या असतील तर ती तुझ्या पुढे आहे.

एक मात्र ओहायोकरांना विचारतो. तापाने आजारी मुलीने करायचं काय? तिथे मला तुमचे नियम कोरडे वाटतात.

कोलंबस. मंगळवार

सर, लॅबच्या आधी मेल टाकायची. आमच्याकडे त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या बॅचला बसवतात. नंतर सांगितलं तर मीही काही करू शकत नाही, आणि खरं सांगू, तेव्हा मलाही वाईट वाटतं. रूममेटने ती मेल टाकली होती का?

बाजवाडा. बुधवार सकाळी

नव्हती टाकली. लेकीला विचारलं, तर म्हणाली, तिला वाटलं ताप काय कारण झालं का.

सर, हायड्रा आठवला. ते जर्नल माझ्या ताईचं होतं. तिने कोणाचं घेतलं होतं ते विचारलं, तर म्हणते आता आठवत नाही, आणि हसतेय. लेक उद्या ऑफिस अवर्सना जाणार आहे, एकटी. मी दुसरी मेल लिहून ठेवली होती, ती पुसली.

कोजागिरीच्या दुधाचा हिशोब वेगळ्या मेलमध्ये पाठवते.