दुपटं, चौघडी की वाकळ? बारशाला शिवून द्यायच्या अंथरुणाचं नाव

विचारणा (धाराशिव)
आजीच्या जुन्या सुती नऊवारीतून तिच्या पणतीसाठी अंथरूण शिवून बारशाला द्यायचं आहे. सोबतच्या चिठ्ठीत त्याला काय म्हणावं? घरात कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ, कुणी दुपटं. आणि हे देणं म्हणजे आहेर, की भेट?

उत्तर (लातूर)
आधी थर मोजा, नाव आपोआप सापडतं. दुपटं म्हणजे दोन पट, चौघडी म्हणजे चार घड्या. वाकळ त्याहून जाड, सहा-आठ थरांची, मोठ्या माणसानं अंथरायची नि पांघरायची. आपल्याकडे वाकळ आणि गोधडी ही एकाच वस्तूची नावं आहेत: बोलताना वाकळ, लिहिताना गोधडी. आत कापूस भरला की मात्र ती वाकळ राहत नाही. तिला रजई किंवा दुलई म्हणतात.

लेकराला गुंडाळायला दुपटं आणि खाली अंथरायला चौघडी, असा कामाचाही फरक आहे. चार थरांत लेकरू गुंडाळलं तर त्याला उकडतं. दोन थर अंथरले तर ओल लगेच खाली उतरते. तुम्ही अंथरूण म्हणता, तेव्हा ती चौघडी.

नऊवारी म्हणजे साधारण 8.2 मीटर लांबी, पन्हा 1.1 मीटरच्या आसपास. मीटर-मीटरचे चारच तुकडे लागतात, म्हणून निवडून घ्या. लुगडं उजेडासमोर धरलं की विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. तो घेऊ नका; दोन-चार धुण्यांत आतल्या आत फाटतो आणि थरांच्या मध्ये गोळा होतो.

जोड (परभणी)
नाव बरोबर आहे, पण चौघडीचं ‘चौघडी’पण टिकतं ते टाक्यांवर. लुगडं गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा आणि कडक उन्हात वाळवा. वरून नवं कापड लावणार असाल तर तेही आधी धुऊन आटवून घ्या. जुनं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आटतं. मग कडा आत ओढल्या जातात आणि मधोमध फुगा येतो. लाल किंवा गडद कापडावर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का तेही पाहा.

चारही थर जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आधी मधून बाहेर लांब टाक्यांनी टाचून घ्या. ही पायरी कुणी गाळू नये. आपला धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे जातो, त्यामुळे कापडातला सगळा सैलपणा पुढे पुढे सरकत मध्यात साचतो. टाचलेलं नसेल तर शेवटच्या दोन फेऱ्यांत चुण्या पडतात आणि उसवण्याशिवाय इलाज राहत नाही. दोन फेऱ्यांत तीन सेंटिमीटर अंतर पुरे. दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा बळकट असतो, तो मऊ झालेल्या लुगड्याला कापत जातो. गाठ थरांच्या मध्ये ओढून घ्या, वर राहिली तर लेकराच्या अंगाला टोचते. दाभण नको, ते पोत्यासाठी. त्यानं पडलेली भोकं बुजत नाहीत.

उत्तर (बीड)
आता देण्याचा शब्द. आहेर लग्न-मुंजीत मांडवात होतो. त्याची वहीत नोंद होते, तो कधीतरी परत करायचा असतो. आपल्याच माणसानं केलेल्या टीकेला ‘घरचा आहेर’ म्हणतात, तेही त्याच देण्याघेण्यातून आलेलं. भेट हा शब्द चालतो, पण फार मोघम आहे. बारशाला आजोळकडून जातो त्याला नेमका शब्द आहे: बाळंतविडा.

या शब्दात बाळंतीण आधी आहे, हे विसरू नये. फक्त लेकराचे कपडे दिले आणि तिला काहीच नाही, तर तो बाळंतविडा झालाच नाही. तिला लुगडं किंवा साडी, खण, डिंकाचे लाडू. लेकराला झबली, टोपरी, कुंची (मागं पाठीवर रुळणारी टोपी), दुपटी.

चौघडीसोबत खणाची, त्याच लुगड्याच्या अस्तराची कुंची करता येईल. टोपीसाठी 34 बाय 16 सेंटिमीटरची पट्टी लांबीत दुमडून मागची 17 सेंटिमीटरची कड शिवा. खाली गळ्याशी 32 सेंटिमीटर मिळतात. पाठीवर रुळणारा भाग 60 रुंद, 35 लांब. त्याला चुण्या घालून 28 वर आणा आणि समोर दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर मोकळे सोडा. ही सगळी मापं तयार झाल्यावरची. शिवणीसाठी प्रत्येक कडेला एक सेंटिमीटर जास्त कापा. खण बाहेरून छान दिसतो, पण कडक असतो. अस्तराशिवाय गालाला घासतो. मणी-टिकल्या लावू नका, सुटून तोंडात जातात. बंद वीतभरच ठेवा आणि झोपवताना कुंची काढायला सांगा.

दुरुस्ती (नांदेड)
एक भर: शेतातला हुरडा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा ढाळा बरोबर पाठवणार असाल तर तो वानोळा. नव्या पिकातलं थोडं, चवीपुरतं आपल्या माणसाला देणं, एवढाच त्याचा अर्थ. कापडाला वानोळा म्हणू नये.

आणि चिठ्ठीत ‘स्मृतिचिन्ह’ तर मुळीच लिहू नका. ते व्यासपीठावर हार-नारळाबरोबर देतात. घरात आपण ‘ही आजीची आठवण’ म्हणतो, आणि वस्तूलाच आठवण म्हणण्याची ही सोय मराठीत फार सुंदर आहे.

पुन्हा विचारणा (धाराशिव)
काठ कापून टाकायचे का? आजीची ओळख तर त्या काठावरच आहे.

उत्तर (परभणी)
टाकू नका, पण आहेत तिथेही ठेवू नका. काठाची वीण घट्ट असते, तो बाकी कापडाइतका आटलेला नसतो आणि चारही कडांना राहिला तर चौघडी वाकडी होते. काठ सोडवून घ्या, एकच पट्टी पायाकडच्या कडेला वरच्या थरावर बसवा, तोंडाकडे नको. त्या पट्टीच्या वर आजीचं नाव पेन्सिलीनं लिहून साखळी टाक्यानं भरा. चिठ्ठीत एवढंच पुरे: ‘आजीच्या लुगड्याची चौघडी, बाळंतविड्यातली.’ बरोबर तोंडीही सांगा की पहिलं वर्ष ती खालीच अंथरायची, लेकराच्या अंगावर घालायची नाही.